न कळल्याचा चेहरा

दि. ४ ऑगस्ट

चि. ठमीस,
ताईचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पाकिटावर तुझ्या अभ्यासक्रम समितीचा शिक्का पाहून शिपायाने ते दोन्ही हातांनी आणून दिलं. एरवी माझी पत्रं तो टेबलावर भिरकावतो. बहीण अध्यक्ष झाल्याचा माझ्या पदरात पडलेला हा पहिला फायदा. घरी सगळं ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो पहिल्यापासूनच विरोधी पक्षात आहे. तुमच्याकडची मंडळी बरी असतील अशी आशा करते.

तुझा अभ्यासक्रमाचा आराखडा वाचला. दोनदा वाचला, कारण पहिल्या वेळी मधूनमधून हसू येत होतं. रागावू नकोस. पहिलं प्रकरण तू आजवरच्या सगळ्या सुधारणांच्या इतिहासाला दिलंस, ते फार चांगलं केलंस. आधी शिक्षण विषयकेंद्री होतं, मग बालकेंद्री झालं, मग समाजकेंद्री, मग निष्पत्तिकेंद्री. केंद्र एवढं फिरलं, आमच्या वर्गातला पंखा तेवढा कधी फिरला नाही. त्याचंही एक प्रकरण घालायचं होतंस.

हा इतिहास मी सध्या अगदी जवळून बघतेय. हल्ली मला बसायला मागच्या इमारतीतली खोली दिली आहे, जुन्या पुस्तकांची कोठी. शांत आहे, उजेडही बरा आहे. रद्द झालेली पुस्तकं फाडायची नाहीत असा नियम असल्यामुळे सगळ्या सुधारणा तिथे थरावर थर रचून ठेवल्या आहेत. तळाला आपल्या वेळची, मुंगीएवढ्या अक्षरांची. तेव्हा मूल म्हणजे रिकामी कळशी आणि गुरुजी म्हणजे नळ. त्याच्या वरच्या थरात मुखपृष्ठावर फूल हुंगणारी मुलगी आली. पुढे देश घडवायचा ठरला, तेव्हा त्याच मुलीच्या हातात हातोडा दिला. निष्पत्तीच्या काळात ती बिचारी मुखपृष्ठावरूनच गेली आणि बाणांची आकृती आली. वाळवी मात्र सगळ्या थरांना सारखी लागली आहे.

दर वेळी आम्हाला सभागृहात बसवून सांगायचे, की बाई, आजवर तुम्ही चुकत होतात. मी अशी तीनदा चुकले आणि तिन्ही वेळा मला प्रमाणपत्र मिळालं. शाळेच्या भिंतीवरचं घोषवाक्यही दर वेळी नव्याने रंगवतात. ओल आली की खालची जुनी वाक्यं वर येतात आणि मुलं ती सगळी एकत्र वाचत बसतात.

आता तुझी सुधारणा. सहाव्या प्रकरणातला ‘न-कळण्याचा तास’ मी वाचला आणि त्याखालची चौकटही वाचली. आपलं स्वयंपाकघर असं सरकारी कागदावर छापून येईल, असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. तीनला अर्ध्याने भागल्यावर उत्तर सहा कसं, वाटल्यावर वाढतं कसं, म्हणून तू भोकाड पसरलं होतंस. मोठ्या बहिणीने म्हणे ‘न समजल्याचा आविर्भाव’ केला आणि तुलाच समजावून सांगायला लावलं. मग तू तीन पेले पाणी घेतलंस, अर्ध्या पेल्याने ओतत गेलीस, सहा वेळा ओतलंस आणि किंचाळलीस. छान लिहिलंयस गं. त्या चौकटीबद्दल मला थोडं बोलायचंय, पण ते भेटीत बोलू. पत्रात नको.

प्रकाशनाच्या दिवशी मी व्यासपीठावर बसून दोन शब्द बोलावे, असं तू लिहिलंस. बघते. गुडघ्याला विचारून कळवते.

सहावीचा वर्ग कसा आहे म्हणून विचारलंस. मुलं गुणी आहेत. एक मुलगी तर नुसती भिंगरी आहे. नावही मी तेच ठेवलंय. एका जागी बसेल तर शपथ, आणि प्रश्न विचारून डोकं खाते. सध्या त्यांचं गणित दुसरे सर घेतात. तात्पुरतंच आहे, त्यात काही विशेष नाही.

आणि माझ्या वर्गाचं चित्रीकरण करायला माणसं पाठवते म्हणालीस, ती मात्र पाठवू नकोस. भिंती फार कळकट झाल्या आहेत.

तब्येतीला जप. सभांमधून उपाशी राहू नकोस.

तुझी,
ताई


दि. २९ ऑगस्ट

ठमे,

पाठवू नकोस म्हटलं होतं ना? पाठवलीसच!

आज आशीर्वाद नंतर. आधी ऐकून घे. गेल्या पत्रात मी तुला भिंती कळकट आहेत असं सांगितलं. भिंती कळकट आहेतच, पण त्या भिंतींच्या आत मी नव्हते. जुलैपासून मला वर्गातून काढून कोठीत बसवलंय. तुझ्या आनंदावर विरजण नको, म्हणून ‘उजेड बरा आहे’ असलं काहीबाही लिहिलं. उजेडही बरा नाही.

झालं ते असं. जुलैत आम्ही ऋण संख्यांचा गुणाकार करत होतो. ऋण गुणिले ऋण धन. भिंगरी उठली. म्हणाली, “बाई, दोन वाईट गोष्टी एकत्र आल्या तर चांगली कशी होते?” मी खडू खाली ठेवला. म्हटलं, “मला नाही गं माहीत. मलाही ते पाठच करायला लावलं होतं. शोधूया.”

मला खरंच माहीत नव्हतं. इतकी वर्षं शिकवूनही माहीत नव्हतं, कारण इतक्या वर्षांत कोणी असं अडवून विचारलंच नाही. मग काय, वर्गाला ऊत आला. दुसऱ्या दिवशी आम्ही व्हरांड्यात फरशांवर खडूने आकडे काढले. मध्ये शून्य, दरवाज्याकडे धन, जिन्याकडे ऋण. ऋण असेल तर मागे चालायचं, इथपर्यंत मुलं आपली आपण आली. पुढे गाडी अडली. मी फरशीवर बसून एकच घोषा लावला होता, “मला अजून नाही कळलं.” भिंगरी शून्यावर उभी राहिली. तिने जिन्याकडे तोंड केलं, दाराकडे पाठ, आणि मागे पाऊल टाकायला पाय उचलला.

तेवढ्यात तुझा तपासनीस आला. हातात तुमचा निरीक्षणाचा फॉर्म, आराखड्याच्या प्रकाशनाआधीच शाळाशाळांतून फिरवायला घेतलेला.

“हे काय चाललंय? शिक्षिका कुठे आहेत?”

मी खालून हात वर केला. उठायला गुडघा तयार नव्हता. त्याने मला मुलांसमोरच विचारलं, की बाई, या उदाहरणाचं स्पष्टीकरण काय? मी म्हटलं, “तेच शोधतोय. मला येत नाही.” भिंगरीचा उचललेला पाय तसाच खाली आला. मुलं आत जाऊन बसली.

शेरा काय आला, वाच: ‘शिक्षिकेने न समजल्याचा आविर्भाव केला नाही. त्यांना प्रत्यक्षात समजलेले नव्हते. विषयज्ञान अपुरे. पुनःप्रशिक्षण होईपर्यंत अध्यापन देऊ नये.’ हेडसर वाईट माणूस नाही. माझ्यासमोर कपाळाला हात लावून बसले. म्हणाले, “अहो बाई, नुसता आव आणायचा होता हो! तुम्ही खरंच कशाला...” फॉर्मच्या तळाशी तुझी सही आहे. छापील आहे, तुला यातलं काही ठाऊक नाही, हे मला कळतं. पण सही तुझीच आहे, ठमे.

दुसऱ्या दिवशी नव्या सरांनी वर्गात नियम सांगितला, चाळीस उदाहरणं घातली आणि धडा संपवला. मी कोठीत. एक दिवस डोकं फिरलं आणि दोन गठ्ठ्यांच्या मधल्या बोळातून मीच चालून बघितलं. दाराकडे पाठ केली आणि मागे मागे चालले. पाठ दाराला टेकली. म्हणजे मी दाराकडेच आले होते गं, धनाकडे! पाठ फिरवणं हे एक उलटं, मागे चालणं हे दुसरं उलटं, आणि माणूस पुढे. या वयात मला ते कळलं. इतका आनंद झाला, की काय सांगू. मग पाहिलं तर सांगायला चिटपाखरू नव्हतं. वाळवी होती.

आता तुझी कॅमेऱ्याची माणसं. मंगळवारी थडकली. अध्यक्षांच्या बहिणीचा वर्ग कुठे म्हणून विचारायला लागली, तशी हेडसरांची पाचावर धारण बसली. मला कोठीतून बाहेर काढलं, साडीवरची धूळ झटकायला लावली आणि माझ्याच वर्गात पाहुणी म्हणून नेऊन उभं केलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. भिंगरीही वाजवत होती.

कॅमेरावाला लाघवी होता. म्हणाला, “बाई, तोच प्रसंग करू. तुम्ही फक्त न कळल्यासारखा चेहरा करा.”

आणि मी केला. आयुष्यात पहिल्यांदा. आता मला उत्तर येत होतं ना! भुवया वर केल्या, हनुवटीवर बोट ठेवलं, आणि नाटकातल्या बाईसारखी म्हणाले, “मला नाही बाई कळलं. ऋण गुणिले ऋण धन कसं?” कॅमेरावाला पुटपुटला, “वा, अगदी नैसर्गिक!” तपासनीस मागे उभा होता, त्याने मान डोलावली.

भिंगरी उठली. हात मागे बांधून, एका जागी, खांबासारखी उभी. म्हणाली, “वजा वजा अधिक, बाई.”

“पण का गं?”

“नियमच आहे.”

मी आव विसरले. म्हटलं, “अगं, तू पाय उचलला होतास. व्हरांड्यात. आठवतं का?” तिने नव्या सरांकडे पाहिलं आणि खाली बसली. कॅमेरावाल्याला वाटलं हेही नाटकातलंच आहे. त्याने ते ठेवलंय. तू बघशीलच, आवाज मोठा करून बघ.

ती माणसं गेल्यावर हेडसर पेढे मिळाल्यासारखे आले. तपासनीस शेरा बदलतोय म्हणाले. ‘पद्धत उत्तमरीत्या आत्मसात केली आहे.’ सोमवारपासून वर्ग परत. म्हणजे न येताना शोधत होते तेव्हा नापास, आणि येत असून सोंग केलं तेव्हा पास. तुमच्या पहिल्या प्रकरणातल्या कुठल्याच सुधारणेने मला इतकं अपमानित केलं नव्हतं. नळ होते तेव्हा निदान नळाचं काम तरी करत होते. आणि त्या सुधारणा कोणीतरी परक्यांनी लिहिल्या होत्या. ही आपल्या स्वयंपाकघरातून निघाली, म्हणून जिव्हारी लागली.

आता चौकटीबद्दल. भेटीत बोलणार होते, पण भेटीत तू हसण्यावारी नेशील.

त्या संध्याकाळी मी आविर्भाव वगैरे काही करत नव्हते, ठमे. मला खरंच कळत नव्हतं. भागाकारात भाजक उलटा करायचा आणि गुणायचं, एवढं पाठ करून मी पुढच्या वर्गात गेले होते. तू रडत विचारलंस, आणि मला आतून घाम फुटला. मी म्हटलं, “मला नाही कळत, तूच सांग.” तू पेले मांडलेस. सहाव्यांदा पाणी ओतलंस तेव्हा मला तुझ्याआधी कळलं असेल तर एखाद्या पळाने. तू गळ्यात पडून म्हणालीस, “ताई, तू किती हुशार! मुद्दाम केलंस ना?” मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि तू नाचत आईला सांगायला पळालीस. पुढे कधी विषय निघाला नाही. तुझ्या डोळ्यांतली ती ताई मलाही आवडायला लागली होती.

मला हे लिहिताना लाज वाटत नाही. मी लहान होते, मला येत नव्हतं, मी तसं म्हणाले. त्यातच सगळं होतं! तुला बळ आलं, ते मी सोंग केल्यामुळे नाही. समोर खरोखरच एक अडलेलं माणूस बसलं होतं आणि तुला त्याला सोडवायचं होतं म्हणून आलं. मुलांना सोंग लगेच कळतं गं. ती आपल्यावर दया करून गप्प बसतात.

तेव्हा ती चौकट काढ. देशभरातल्या बायाबापड्यांना आरशासमोर न कळल्याचे चेहरे करायला लावू नकोस. काढता येत नसेल, छापून झालं असेल, तर निदान ‘आविर्भाव’ हा शब्द तरी काढ आणि फॉर्मवरचा त्याचा रकाना तरी. व्यासपीठावर मी येणार नाही. गुडघ्याची काही हरकत नव्हती, माझी आहे.

रागावशील, मग दोन दिवस रडशील, मग चिडून लांबलचक उत्तर लिहिशील. लिही. मी इथेच आहे. सोमवारपासून वर्गात असेन. तुझ्या एका सहीने गेलेला वर्ग तुझ्याच एका चित्रफितीने परत आला, याचे आभार मानायचे की काय करायचं ते मला समजत नाही. आणि या वेळी खरंच समजत नाही. सोमवारी पहिलं काम एकच आहे. भिंगरीला उत्तर येतं. तिला पुन्हा प्रश्न पडेल असं करायचंय. कसं करायचं ते तुमच्या आराखड्यात कुठे सापडलं नाही. मलाही माहीत नाही.

राहिलेले आशीर्वाद आता घे. जेवत जा वेळेवर.

तुझी पहिली विद्यार्थिनी,
ताई