विकी भैयाचं घर पाहून आल्यावर केलेली निरवानिरव

मी, मीराबाई तुळशीराम रामटेके, वय चौऱ्याहत्तर, शिक्षण दुसरी पास, राहणार गुढियारी, रायपूर, हे मृत्युपत्र राजीखुशीनं लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे, डॉक्टरचा कागद सोबत जोडला आहे. दबाव कोणाचा नाही. उलट आज मी खुशीत आहे, काहून की नातू संघर्ष सकाळी माझ्याजवळ बसून जेवला. भांडला, पण जेवला.

कलम १. गुढियारीचं घर माझ्या नावावर आहे. यजमान रेल्वेतून रिटायर झाले तेव्हा त्यांनी ते माझ्याच नावानं घेतलं. "मीरा, माझा भरवसा नाही, तुझा आहे," म्हणे. हे घर माझ्यामागे सून विनोदिनी, म्हणजे संघर्षची आई, हिचं. मुलगा गेल्यापासून तिनंच मले सांभाळलं. नातवाले देत नाही. काहून, ते लिहिते.

संघर्षनं नोकरी सोडली. जेवणाचे डबे पोहोचवायची कंपनी काढून राहिला. काढू दे, पोट्टा हिमतीचा आहे, मले कौतुकच आहे. पण तो मोबाइलवर विकी भैया नावाच्या एकाचं ऐकतो. तो सांगतो, "घर म्हणजे मेलेला पैसा. घर विकत नाही तो कधीच मालक बनत नाही." असं सांगतो, जसा काही सूर्य त्यालेच विचारून उगवतो. मागच्या रविवारी संघर्षनं गिऱ्हाईक आणलं. त्यानं फीत लावून अंगण मोजलं. विनोदिनी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत राहिली, हाताले लागलेली कणीक हातावरच वाळली.

आमच्यात पोरगी द्यायची तर नवरदेवाच्या बोलण्यावर देत नाहीत. मोठी माणसं त्याच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, जातात, शेजारीपाजारी विचारतात, किराणावाल्याले विचारतात. मग घर काहून असंच द्यायचं? विकी भैया अभनपूरचा, हे तोच सांगतो. मी, शेजारचे श्यामराव मेश्राम अन् दुलारी साहू, जिचं माहेरच तिकडचं, असे बसनं गेलो. पाऱ्याले वाटलं, आम्ही सोयरीक घेऊन आलो! विकीच्या आईनं चहा ठेवला, चिवडा दिला, अन् विचारलं, "लड़की का करथे?" मुलगी काय करते, म्हणे.

श्यामराव म्हणाले, "लड़की नहीं है दीदी, घर है." मी पोट धरून हसली.

मग विचारलं, "दीदी, विकीने अपना घर कब बेचा?"

"काबर बेचही? ए तो मोर घर आय. इहें रहिथे, इहें खाथे."

काहून विकेल, म्हणे, घर तर माझं आहे. इथंच राहतो, इथंच जेवतो.

परत येऊन संघर्षले सांगितलं. तो म्हणाला, "आजी, एक आदमी से कुछ साबित नहीं होता."

"हव बाबा, मीही तेच म्हणून राहिली. विकीही एकच आदमी आहे."

पण त्यानं गिऱ्हाइकाले अजून नाही म्हटलं नाही. माझा जीव तिथं अडकला आहे.

कलम २. समोरची शटरची खोली संघर्षनं हयातभर वापरावी, पण विकू नये. माझे मोठे पितळी गंज, म्हणजे पातेली, त्याच्या डब्यांच्या स्वयंपाकाले. गळ्यातली पोत विनोदिनीची. माझा मोबाइल कोणी घेऊ नये, एकदा पाहिलं तेव्हापासून त्यात विकीच येते.

कलम ३. धंदा बुडाला तर "सांगितलं होतं ना" असं या घरात कोणी म्हणायचं नाही. श्यामरावभाऊ, तुम्हीही नाही, तुमची जीभ मले माहीत आहे. पोट्टा दारात आला की आधी ताट.

कलम ४. अन् धंदा चालला, अन् संघर्षही मोबाइलवर लोकांले शिकवायले लागला, तर एकच अट. पहिल्याच वाक्यात सांगावं की माझ्यामागं आईचं घर होतं, अन् ताट वाढलेलं होतं. त्याच्यापुढं काय सांगायचं ते खुशाल सांगावं.

हे सगळं मी स्वतः लिहिलं. साक्षीदारांनी माझ्यासमोर अन् एकमेकांसमोर सह्या केल्या.

सही: मीराबाई तुळशीराम रामटेके (अंगठा नाही, सही आहे)

साक्षीदार: श्यामराव मेश्राम, गुढियारी (कलम ३ वाचून सही केली)
साक्षीदार: दुलारी साहू, गुढियारी

ठिकाण: रायपूर
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५