कमानीच्या अलीकडे

२२ जानेवारी

नाही जाणार! सांगून टाकलं. बाबा म्हणाले, "विचारलंय कुणी तुला? खोल्या ठरल्यात, गाडीला बर्फाचे टायर बसवलेत. तू फक्त मागच्या सीटवर बसायचंस."

इझुमोचं देऊळ! म्हणे सगळ्या जगाच्या गाठी तिथला देव बांधतो. आईला ताईचं दुसरं लग्न व्हायला हवंय, म्हणून ही वरात – आजी, आई, बाबा, ताई, ताईची चिमुरडी नागी, आणि शेपटाला मी.

"तुझ्यासाठीही मागेन हं देवाकडे," आई म्हणाली.

काय मागणार? कॉलेज? माझी गाठ कधीच बांधून झालीये. कात्री घेऊन तर तुम्हीच बसलात!

२३ जानेवारी

कोतोनेला सकाळपासून निरोप पाठवतोय. एकही उघडला नाही. हॉस्पिटलात फोन काढून घेत असतील. तसंच असेल.

२४ जानेवारी

नकाशा बघितला. गाढव आहे मी! कुराशिकीहून इझुमोचा रस्ता योनागोवरूनच जातो की!

योनागो. कॉलेज अर्धवट टाकून तिथेच कोतोनेबरोबर राहिलो, मासळीच्या गोदामावरच्या खोलीत. अंथरुणालासुद्धा बांगड्यांचा वास यायचा. ती हसून म्हणायची, "मांजरी येऊन झोपतील आपल्यात." पानं गळायला लागली तसा तिला ताप यायला लागला, अंगावर निळे डाग. रक्ताचा आजार. तिचा बाप येऊन तिला घेऊन गेला. मी त्यांच्या तिथल्याच घराच्या पायऱ्यांवर बसून राहिलो. शेवटी बाबा आले आणि मला घरी आणलं – भिजलेलं मांजर मानगुटीला धरून आणतात ना, तसं.

ठरलं! जाताना गप्प बसायचं. देवासमोर उभं राहायचं, तिथल्या रीतीने चार टाळ्या वाजवायच्या आणि एकच मागायचं – ती उठून बसू दे. येताना योनागोला उतरायचं. बाबांनी गाडी थांबवली नाही तर चालत्या गाडीतून उडी.

जेवताना म्हणालो, "येतो मी." आईला भरून आलं. बिचारी.

२८ जानेवारी, इझुमो

पोचलो. घाटात इतका बर्फ की पुढच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसत होते. बाबा स्टिअरिंगला नाक लावून. ताई म्हणाली, "बाबा, काच पुसताय की गाडी चालवताय?"

योनागोची पाटी आली तेव्हा आजीने माझा हात घट्ट धरला. पाटी मागे गेली तरी सोडला नाही. म्हातारीला थंडी वाजत असणार.

नागी विचारत होती, "मामा, देवाच्या घरी हीटर आहे?"

कोतोने, परवा. फक्त परवापर्यंत.

२९ जानेवारी

मी आजीला माफ करणार नाही.

देवळाच्या मोठ्या कमानीपाशी पोचलो. सगळे वाकले. मी वाकणार, तेवढ्यात आजीने बाही धरली. "केइगो, तू थांब माझ्यापाशी. गुडघे गेलेत माझे."

ताई म्हणाली, "मी थांबते ना, त्याला जाऊ दे."

"तू कशाला? तुझ्यासाठी तर आलोय. हा थांबेल."

ते चौघे आत गेले. मी आजीबरोबर समोरच्या दुकानात. तिने माझ्यासाठी लाल दाण्यांचं गोड कढण मागवलं, आत मोचीचे, तांदळाच्या चिकट पिठाचे गोळे. स्वतः काही घेतलं नाही. समोरून जोड्या बाहेर येत होत्या, हातात लाल-पांढरे धागे, हसत होत्या. जीव नुसता जळत होता.

"आजी, दोन मिनिटांत आलो."

"नको."

"मला एक मागायचंय देवाकडे. एकच!"

"इथून माग."

"इथून कोण ऐकणार?"

वाटी ढकलली आणि पळालो. तर गुडघे गेलेली म्हातारी सशासारखी माझ्या मागे! कमानीच्या खांबापाशी गाठलं आणि – थोबाडीत मारली. सगळ्यांसमोर! जन्मात कधी बोट लावलं नव्हतं तिने मला.

"आत पाऊल टाकायचं नाही."

"का?"

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वारा होताच तसा.

अलीकडूनच चार टाळ्या वाजवल्या. हातमोजे घातलेले. आवाजच आला नाही.

जेवताना बाबा आजीला म्हणाले, "आई, सुतक असल्यासारखी कमानीबाहेर काय बसून राहिलीस? आणि ह्यालाही बसवलंस."

"शुभ बोला हो!" आई म्हणाली.

आजी म्हणाली, "गुडघे." आणि मासा चिवडत बसली.

समजलं मला सगळं. तीही त्यांच्यातलीच. कोतोनेसाठी मी देवाकडेसुद्धा काही मागायचं नाही – एवढंच! एक तीच माझी आहे असं वाटायचं. असो. उद्या उतरणार म्हणजे उतरणार.

३० जानेवारी

लिहितो. लिहिलं नाही तर काहीतरी फोडीन.

योनागो यायच्या आधीच पिशवी मांडीवर घेतली. म्हणालो, "बाबा, पुढे मला उतरवा."

"झालं सुरू! पुन्हा त्या माणसाच्या पायऱ्यांवर बसणार? लाज वाटते का थोडी?"

मी दाराच्या कडीला हात घातला. आई किंचाळली. नागी रडायला लागली. आजी म्हणाली, "गाडी थांबव."

"आई, तू मध्ये –"

"थांबव म्हणते ना!"

रस्त्याकडेच्या थांब्यावर आम्ही दोघंच उतरलो. शीतपेयांच्या मशीनशेजारी, बर्फात उभी राहून तिने सांगितलं.

कोतोने गेली.

निघायच्या आदल्या दिवशी. तिच्या आईचा फोन आला, आजीने उचलला. "रडत होती रे ती. म्हणाली, त्याला पाठवू नका. हे त्याला दारात उभं करणार नाहीत. माझ्या पोरीच्या उशाशी मारामारी नको."

काल तिला नेलं. काल! मी मोचीचे गोळे चघळत होतो तेव्हा!

"आणि तू गप्प बसलीस? तीन दिवस शेजारी बसून?"

"तू गेला असतास."

"हो, गेलो असतो!"

"म्हणूनच."

मी तिचा हात झटकला. ती पडली. मी उचललं नाही. बाबा धावत आले – त्यांनाही माहीत नव्हतं, कुणालाच नव्हतं. आजीने सांगितलं तशी बाबांनी टोपी काढली, आणि मग त्या टोपीचं काय करावं ते त्यांना कळेना.

गाडीत बसल्यावर त्यांनी विचारलं, "उतरायचंय तुला?" पहिल्यांदाच विचारलं मला काही.

मी म्हणालो, "सरळ चला."

का म्हणालो? का?

३१ जानेवारी

आजीशी बोललो नाही. बोलणार नाही. तिच्या मनगटाला सूज आहे म्हणे. असू दे.

२ फेब्रुवारी

निरोप अजून उघडलेले नाहीत. बघतो तरी.

मला फक्त तिच्या पायाशी बसायचं होतं. मारामारी केली नसती. केली असती? – माहीत नाही. आजीला माहीत होतं बहुतेक. त्याचाच जास्त राग येतोय.

३ फेब्रुवारी

आज आमच्या गल्लीतल्या देवळात दाणे उधळतात, भुतं पळवायला. नागी सकाळपासून बूट घालून दारात. आई खालून ओरडली, "केइगो, आजीला घेऊन ये, उशीर होतोय!"

आजी जिन्याखालीच बसली होती, मनगटाला पट्टी. म्हणाली, "तुम्ही जा. आम्ही दोघं कमानीखालून नाही जाणार. पन्नास दिवस नाही."

बाबा म्हणाले, "पन्नास दिवस? म्हणजे त्या दिवशी इझुमोला – अगं आई, कसलं सुतक? लग्न तरी झालं होतं का त्यांचं?"

"माझी नातसून गेलीय," आजी म्हणाली. "तुम्ही तिला मानत नव्हता, तुम्हाला नसेल सुतक. जा, पोर खोळंबलीय."

मी जिन्यावरच होतो.

मग आई खाली बसली आणि नागीचे बूट काढायला लागली.