लातूर रस्त्याची डावी बाजू

९ नोव्हेंबर, रविवार

आज लातूरहून परत येताना माळाकोळीजवळ डावीकडून एक बैल आला. आला म्हणजे — नव्हता, आणि होता! रस्ता मोकळा, मी ताशी ऐंशीवर, आणि एकदम गुडघ्याजवळ शिंग. ब्रेक दाबायचंही सुचलं नाही. सुचलं असतं तर आडवी झाले असते. सव्वादोनशे किलोची मोटारसायकल अंगावर घेऊन पडायचं वय नाही माझं.

लोह्याला टपरीवर थांबले. हातमोजे न काढताच चहा घेतला. चहावाला म्हणाला, "आजी, थंडी लई वाजून राहिली का?" हो म्हणाले. भर दुपारी!

दुसऱ्या कुणाला तो बैल आधी दिसला असता का? हा प्रश्न इथेच राहू दे.

१० नोव्हेंबर

सकाळी गाडी पुसत होते. शेजारचे हणमंतराव कुंपणावर ओठंगून उभे. बायको पाठीमागे, ऐकायला.

"मॅडम, शाळा चालवली तुम्ही, मान आहे तुम्हाला गावात. आता ह्या वयात हे पोरांचं खूळ कशाला? बाईमाणसाला शोभतं का?"

म्हटलं, "हणमंतराव, तुमची कार तीन पावसाळे पांघरुणाखाली झोपून आहे. तिला शोभतं का?"

बायको हसली, पदर तोंडावर घेऊन. ते आत गेले. मला दोन मिनिटं फार बरं वाटलं.

मग पुण्याहून सुगतचा फोन. "आई, तुझी हाडं आता जुळायची नाहीत." माझाच मुलगा, माझ्याच जिवावर शिकला, आणि मला हाडं शिकवतो! कुणाला मी बाई आहे याची अडचण, कुणाला वयाची, कुणाला गुडघ्यांची. नात्यातल्या दोघी तर म्हणे, नवरा जाऊन पाच वर्षं झाली, आता मन कशात तरी रमवावं — विपश्यनेला जा. नॉनसेन्स! माझं मन गाडीवर रमतं.

चुकीची कारणं सगळ्यांकडे आहेत. खरं कारण एकट्या माझ्याकडे.

काचबिंदू. डाव्या डोळ्यात जास्त, उजव्यात थोडा. हैदराबादच्या डॉक्टरने सांगितलं होतं — गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखायची. थेंब रोज, आणि बाजूची नजर दर सहा महिन्यांनी तपासायची. थेंब चुकवत नाही. तपासायला मात्र एकदाच गेले. त्यानंतर ही गाडी घेतली, आणि नंतर गेलेच नाही.

समोरचं सगळं लख्ख दिसतं. पेपर वाचते, सुईत दोरा ओवते. म्हणूनच स्वतःला फसवणं सोपं जातं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

लायसनच्या नूतनीकरणाला डॉक्टरचा दाखला लागतो. मुद्दाम धम्मदीपकडे गेले. मुखेडच्या शाळेत माझा विद्यार्थी — इंग्रजीत कच्चा, पण प्रामाणिक. आता नांदेडात मोठा दवाखाना. मनात म्हटलं, हा तपासेल. हा सांगेल. एकदाचं कुणीतरी "नाही" म्हणेल.

खरं सांगायचं तर त्यासाठीच गेले होते.

मला बघताच खुर्चीवरून उठला. "जय भीम मॅडम! तुम्ही कशाला आलात, मीच घरी आलो असतो." बाहेर पेशंट ताटकळलेले, आणि हा माझ्यासाठी चहा सांगतो! भिंतीवर अक्षरांचा तक्ता, वर मोठी, खाली बारीक. मी उठून त्याच्यासमोर उभीही राहिले.

"डोळे बघायचे असतील ना?" विचारलं.

हसला. "मॅडम, तुमची परीक्षा मी घ्यायची? तुम्ही आजही माझ्या अक्षरातली चूक लांबून दाखवाल." आणि ठण्णकन शिक्का मारला.

तेव्हा तरी बोलायचं होतं. काचबिंदू — एक शब्द! तो लगेच खुर्ची ओढून बसला असता. मी "थँक यू, बेटा" म्हणाले आणि चहा प्यायले.

आयुष्यभर पेपर वाचल्याशिवाय एक मार्क दिला नाही कुणाला. आमदाराच्या पुतण्याला सहावीत ठेवलं होतं मी! आणि मला माझ्याच पोराने न तपासता पास केलं. आदरापोटी. संताप येतो. पण दाखला घडी करून पर्समध्ये ठेवला, तो मीच.

१५ नोव्हेंबर

आता मला कुणीच थांबवणार नाही. ही आनंदाची गोष्ट असायला हवी होती.

२३ नोव्हेंबर, रविवार

उज्वलासोबत लातूर. बरा दिवस.

उज्वला माझ्या शाळेत पी.टी. शिकवायची. अहमदपूरची, शेतकऱ्याघरची. शिट्टी तोंडात धरली की अख्खं मैदान गप्प. पण मी मुख्याध्यापिका झाले तेव्हापासून माझ्यासमोर ताठ उभी राहते, ती आजतागायत. तिला गाडीची चटक मीच लावली. तिची माझ्याहून लहान, पण चालवते झकास. मी नांदेडहून निघते, ती अहमदपूरच्या स्टँडजवळ उभी असते, तिथून पुढे मी, मागे ती.

आमची पद्धत ठरलेली आहे. मी पुढे, आमच्या लेनच्या उजव्या अंगाला. ती मागे, डाव्या अंगाला, थोडं अंतर ठेवून. माझ्या गाडीला दोन्हीकडे सामानाच्या पेट्या, वर मी — तिला पुढचं अर्धंच दिसतं. म्हणून जे मला दिसेल ते मी पायाने दाखवायचं. उजवा पाय खाली म्हणजे उजवीकडे खड्डा, माणूस, जनावर. डावा म्हणजे डावीकडे. मूठ वर म्हणजे थांब. हेल्मेटातले ते बोलायचे फोन मी घेऊ दिले नाहीत. म्हटलं, चाळीस वर्षं बोलले, रस्त्यावर तरी शांतता हवी.

"तुमचा पाय खाली आला न्हाई की मी डोळे झाकून हाणते बगा," म्हणाली आज जेवताना. कौतुकाने.

मी अर्धी भाकरी तिच्या ताटात सरकवली.

पण चाकूरच्या पुढे तो सरळ पट्टा! सत्तर ओलांडली की गाडीचं वजन नाहीसंच होतं. इंजिनाचा एकच सूर लागतो, वारा काचेवरून वरच्या वर जातो, आणि मी कुणाची आई नसते, विधवा नसते, निवृत्त नसते. हे सोडायचं? जानेवारीत कन्याकुमारी ठरली आहे. उज्वलाने नवे टायर टाकले. भिंतीवर नकाशा लावला आहे म्हणे, लेकरांसारखा.

परतताना डावीकडे मान वळवून वळवून मान आखडली. तिच्या लक्षात आलं असेल का?

३० नोव्हेंबर

ऊस सुरू झाला. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना चमकता पत्रा, वर गाणी कोकलत. शेतातल्या वाटेवरून सरळ हायवेवर चढतात, जसा काही त्यांच्या तीर्थरूपांनी बांधलाय! चिडते मी त्यांच्यावर. चिडणं सोपं आहे.

आज गेलेच नाही. उज्वलाला सांगितलं, सर्दी झाली.

६ डिसेंबर

सकाळी विहारात गेले. मेणबत्ती लावताना डाव्या बाजूची बाई कधी येऊन बसली कळलं नाही. तिच्या पदराला ज्योत लागता लागता राहिली. तिनेच पदर झटकला, आणि उलट मलाच म्हणाली, "चुकलं मॅडम."

चुकलं मॅडम!

७ डिसेंबर, रविवार

लिहायला बसवत नाही. तरी लिहिते.

लातूरहून परत. ऊन कलतं होतं. शिरूर ताजबंदच्या अलीकडे. रस्ता मोकळा — म्हणजे मला मोकळा. मी उजव्या अंगाने गेले. मागे ब्रेक किंचाळला. मग खडीवर घसरत गेलेला तो आवाज. आरशात धूळ.

वळून आले तर उज्वला रस्त्याच्या कडेला बसलेली, गाडी आडवी, आरसा फुटलेला. आणि मधोमध उसाचा ट्रॅक्टर. अख्खा ट्रॅक्टर! लाल रंगाचा, दोन ट्रॉल्या, गाणं अजून चालू. डावीकडच्या वाटेने चढला होता. मी त्याच्या तोंडासमोरून गेले आणि मला तो दिसला नाही. ऐकूही आला नाही, हेल्मेटमध्ये.

ड्रायव्हर खाली उतरला, घाबरलेला, म्हणून ओरडत. "ओ आजी! डोळे हायत का न्हाईत? मी हात केला, हाक दिली, तुमी सरळच!"

मी काही म्हणायच्या आत उज्वला त्याच्यावर धावली, लोंबता हात धरून. "तोंड सांभाळून बोल बे! कोनासंगं बोलून राह्यला माहीत हाय का?" मग माझ्याकडे वळली. चेहरा पांढरा. "मॅडम, माजंच ध्यान नव्हतं. तुमी पाय दाखवला आसंल. मलाच दिसला न्हाई."

आणि मी काय म्हणाले?

"असू दे," म्हणाले.

असू दे! मी तिला क्षमा केली!!

८ डिसेंबर

मनगट मोडलं आहे तिचं. प्लास्टर. मी ते "असू दे" दिवसभर ऐकते आहे.

१२ डिसेंबर, शुक्रवार

उज्वलाचा फोन. उदगीरला जाऊन डोळे तपासून आली! ती! "एकदम चांगले हायत म्हणले मॅडम. मग दिसला कसा न्हाई तुमचा पाय? आईचं बी असंच झालतं, बसल्या जागी ध्यान जायचं. लई भ्या वाटून राहिलं."

मी म्हटलं, "आराम कर."

दोन शब्द. मी शिकले त्या कॉन्व्हेंटात खोटं बोललं की सिस्टर सगळ्या वर्गासमोर उभं करायच्या. मी तर खोटंही बोलले नाही. नुसती गप्प बसले, ते जास्त वाईट आहे हे त्यांनी शिकवलं नव्हतं. की शिकवलं होतं?

बोलले तर काय जाईल ते मला माहीत आहे. गाडी जाईल. हणमंतराव कुंपणावर येतील. सुगत "बघ" म्हणेल. आणि उज्वला माझ्यासमोर ताठ उभी राहणार नाही. यातलं सगळ्यात जास्त भय कशाचं आहे ते लिहिणार नाही.

१८ डिसेंबर, गुरुवार

उज्वला तिची गाडी विकते आहे. रविवारी संध्याकाळी देगलूरचा माणूस बघायला येणार. "कन्याकुमारीला तुमी एकट्याच जावा मॅडम. मी मागं असले तर एखाद्या दिवशी तुमालाच घिऊन मरीन."

तिने नकाशा काढून ठेवला.

मी जेवले नाही. अंगणात जाऊन गाडी सुरू केली, जागच्या जागी. तिचा तो सूर ऐकला. मग बंद केली. बंद केल्यावर कळलं, हणमंतराव कुंपणाशीच उभे होते. डावीकडे. कधीपासून, कोण जाणे.

"बोलला नाहीत काही आज?" म्हणाले.

मी गाडीवर पांघरूण घातलं आणि आत आले.

२० डिसेंबर, शनिवार

उद्या सकाळी अहमदपूर. एसटीने. देगलूरचा माणूस यायच्या आत. वाक्यं तोंडात जुळवते आहे, पाठांतरासारखी. "उज्वला, मी पाय दाखवलाच नव्हता." एवढंच पुरे. एवढंच जमत नाही.

२१ डिसेंबर, रविवार

सांगितलं. दारातच, चप्पल न काढता.

तिने चांगल्या हाताने माझा दंड धरला. मला अंगणाच्या मधोमध उभं केलं, तोंड फाटकाकडे. मैदानावरचा आवाज — "समोर बगायचं. मान हलवायची न्हाई." मग डावीकडे लांब गेली, पावलं ऐकली मी.

"बोटं किती?"

"दिसत नाहीत."

"आता?"

"नाही."

"आता?"

"नाही, उज्वला."

मग प्रश्न आला नाही. मी फाटकाकडे बघत उभीच. तिचा हुंदका ऐकला तेव्हा कळलं — ती माझ्या डाव्या खांद्याजवळच उभी होती, बोटं वर धरून.