शिळेच्या मागची बाजू

वादळ ओसरल्यावर त्या सकाळी मी प्यो मानसोक यांच्या अंगणात कलंडलेले रांजण उभे करायला गेलो होतो. एका रांजणाखालचा दगड उलटला. त्यावर कोरलेलं होतं : ‘चर्चची ही जागा ओक बुनरे हिने दिली.’ खाली, किनाऱ्यावरून भिंतींचे दगड डोक्यावर वाहणाऱ्या बायांची नावं. नव्या चर्चच्या दाराशी मात्र ‘जमीन : प्यो घराण्याची देणगी’ अशी संगमरवरी पाटी आहे.

“पाळकसाहेब, कुणाला आठवतंय आता?” मानसोक हसले. “बुनरेआजी शिंपले वेचायची हो! तिचं नाव दारावर शोभतं का? घ्या, मुळ्याचं लोणचं न्या थोडं.”

लोणचं मी आणलं नाही.

मी, नाम ग्युचोल, वय एकोणपन्नास, सोलमोक बेटावरच्या मंडळीचा पाळक, पोटातल्या गाठीने शरीर खचलं तरी डोकं ठिकाणावर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो.

राहतं घर मंडळीचं, ते मंडळीकडे जावं. रजया, सायकल आणि चर्चच्या वाटेलगतचा माझा जमिनीचा तुकडा धाकटी बहीण सुखी हिला; माझी कबर तिथेच करावी. म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकून ध्वनिफितींवर उतरवलेल्या गावाच्या आठवणी शाळेला द्याव्यात. मंडळीच्या कपाटात एकही ठेवू नये, त्याची किल्ली मानसोक यांच्याकडे असते.

मानसोक यांना माझा चष्मा.

दफनाच्या वेळी मंडळीतल्या सर्वांत ज्येष्ठ माणसाने कबरीच्या शिळेमागचा मजकूर मोठ्याने वाचायचा, हा आपला रिवाज. ते ज्येष्ठ मानसोकच. वाचन त्यांनीच करावं. त्यांचा घसा बसला, तर तो मोकळा होईपर्यंत मला मातीआड करू नये.

सुखी म्हणते, “दादा, आयुष्यभर क्षमा शिकवलीस आणि जाताना हे?” रोज पहाटे तीच मागतो, बाई. अजून मिळालेली नाही. देवापुढे त्याचा जाब मी देईन.

दुसऱ्याच्या कबरीचा दगड आपल्याकडे कोणी हलवत नाही. मानसोकही हलवणार नाहीत. जिवंतपणी आपली शिळा लावून ठेवायलाही कोणाची हरकत नसते. माझ्या शिळेवर पुढे माझं नाव आहे. मागे बुनरेआजीचं, त्या सगळ्या बायांची, आणि जुना दगड कोणाच्या रांजणाखाली पालथा पडला होता तेही.

काल दुपारी ती माझ्या तुकड्यात उभी केली. मागची बाजू वाटेकडे.

सही : नाम ग्युचोल
साक्षीदार : बोंग छानसू, शिळा कोरणारा
ग्वाक ओकसुन, ओक बुनरे यांची सून
सोलमोक, ९ ऑक्टोबर १९९८