तळ्याकडची बाजू

प्रिय श्रीरंग,

फोन केला असता तर दुसऱ्याच वाक्याला ‘ताई, तू फार विचार करतेस’ म्हणून तू मला गप्प केलं असतंस. म्हणून लिहिते आहे. पत्र तुझ्या दाजींच्या हाती पाठवते आहे. ते इंगोलश्टाटला तुझ्या घरी येतील आणि तुझं वाचून होईपर्यंत समोरून हलणार नाहीत. तसं बजावलंय मी त्यांना.

आल्टेनझेतला जल्लोष अजून ओसरलेला नाही. राज्य सरकार कसिनोचा परवाना काढून घेणार, या धास्तीनं हे छोटंसं शहर वर्षभर झोपलं नव्हतं. कसिनो गेला तर हॉटेलं बंद, बस बंद, बेकरीवाल्या बाईसुद्धा मुलीकडे म्यूनिकला निघाल्या होत्या. आपल्या मराठी मंडळींनीही दारोदार फिरून सह्या गोळा केल्या. शेवटी सरकारनं एकच अट घातली, तळ्याकाठची ती जुनी इमारत भक्कम असल्याचा दाखला आणा. तो दाखला तू दिलास आणि परवाना वाचला. महापौरांनी भर बाजारात मला मिठी मारली, मी लाजून चूर झाले. खूश होऊन त्यांनी आपल्या दिवाळीसाठी कसिनोचा मोठा हॉल फुकट दिला. शनिवारी तिथे सगळी पोरं लेझीम खेळणार, तुझी लेक तनयाही.

माझ्या नोकरीची तू नेहमी थट्टा करतोस, इंजिनियर होऊन जुगाराची चाकं पुसते म्हणून. पुसत नाही रे बाबा, समतल करते. कसिनो उघडण्याआधी प्रत्येक रूलेटच्या चाकावर पाणसळ ठेवायची, बुडबुडा मधोमध आला की टेबल खेळायला मोकळं. चाक केसभर जरी कललं तरी चेंडू एकाच बाजूला पडू लागतो, आणि खेळणाऱ्यांना ते आमच्याआधी कळतं. पूर्वी टेबलाच्या पायांचे स्क्रू महिनोन्महिने फिरवावे लागत नसत. शेजारी जमिनीखालच्या पार्किंगसाठी खणायला लागले आणि तेव्हापासून मी ते रोज फिरवते आहे. आधी वाटलं, टेबलच खराब आहे. बदलून पाहिलं. जागा हलवून पाहिली. सगळी टेबलं एकाच बाजूला कलतात, तळ्याकडे. मॅनेजरसाहेबांना सांगितलं, तर ते हसले. तुमच्याच भावाचा दाखला आहे की, म्हणाले. दोन दिवसांपासून हॉलचं तळ्याकडचं दारही नीट लागत नाही, ते खांद्यानं ढकलावं लागतं.

साताऱ्याची आपली शाळा आठवते? भिंतीला भेग गेली तेव्हा बाबांनी तिच्यावर आडवी काचेची पट्टी सिमेंटनं चिकटवली होती. पीडब्ल्यूडीत त्यांचं आयुष्य गेलं, ते म्हणायचे, पट्टी शाबूत तर भिंत जागच्या जागी, तडकली तर भिंत सरकतेय. ऐन गॅदरिंगच्या तोंडावर पट्टी तडकली आणि बाबांनी शाळेला कुलूप लावायला लावलं. हेडमास्तर किती भांडले! नाटकात राजा होणार होतास म्हणून तू जेवला नाहीस, रडून रडून डोळे सुजवलेस. पुढच्याच आठवड्यात ती भिंत रिकाम्या वर्गात कोसळली.

मोठ्या हॉलमागच्या भिंतीलाही भेग गेली आहे, तिच्यावर मी तशीच पट्टी चिकटवली होती. आज सकाळी तिचे दोन तुकडे झालेले दिसले. तशीच घरी येऊन हे लिहायला बसले, श्रीरंग.

तू खोटं लिहिलेलं नाहीस हे मला पक्कं ठाऊक आहे. तू इमारत तपासलीस तेव्हा खणणं सुरू झालेलं नव्हतं. पण सही केलीस तेव्हा झालेलं होतं, आणि तू पुन्हा येऊन पाहिलं नाहीस. शहराला घाई होती आणि तुला त्यांचं मन मोडवलं नाही. दर भाऊबीजेला तू विचारतोस, ताई, काय हवं? मी काही नको म्हणते. यंदा हवं आहे. दाजींबरोबर आजच ये, ती काच डोळ्यांनी बघ आणि महापौरांना तुझ्या तोंडानं सांग की दाखला मागे घेतोस. परवाना जाईल, कदाचित तुझं कामही जाईल, इथे आपल्याला कुणी हाक मारणार नाही. तरीही सांग. संध्याकाळपर्यंत आला नाहीस तर मी जाऊन सांगणार आहे, तुझं नाव घेऊन. ते मला करायला लावू नकोस. तनयानं लेझमीसाठी घेतलेल्या नव्या बुटांचा फोटो मला पाठवलाय. कार्यक्रम रद्द झाला तर ती खूप रडेल. रडू दे तिला. तूही रडला होतास.

तुझीच,
विभाताई