पहिली ओंजळ

१९ ऑक्टोबर

ती. अण्णा,

साष्टांग नमस्कार. आईला सांगा, मी ठणठणीत आहे. वजन उतरलेलं नाही, केस गळत नाहीत, आणि परदेशात येऊन चार महिने झाले तरी पोट एकदाही बिघडलेलं नाही. फोनवर ती शेजारी कान देऊन बसते, म्हणून पत्र. आधी तुम्ही एकटे वाचा.

कामाचं विचारत होतात. वस्तीतल्या वीस गल्ल्यांच्या नळांचं पाणी तपासायचं आणि कोण कधी हात धुतं ते तक्त्यात भरायचं, हे माझं संशोधन. तपासायची बाटली छोटीशी, आत औषध. पाणी भरून दोन दिवस उबेला ठेवायची. काळी पडली की समजायचं, पाण्यात मैला आहे. दहा गल्ल्यांना आम्ही पाणी शुद्ध करायच्या गोळ्या देतो. उरलेल्या दहांना काही द्यायचं नाही, काही सांगायचंही नाही, म्हणजे दोन्हींची तुलना करता येते. सहा महिने झाले की मग सगळ्यांना सगळं सांगायचं, असा नियम.

मी राहते ती गल्ली काही न द्यायच्या यादीत आहे.

घरमालकीण शिवणकाम करते, नवरा लांब बांधकामावर. मुलगी चार वर्षांची, पण बोलण्यात माझी आजी शोभेल. बाटल्या मी त्यांच्याच चुलीशेजारच्या फळीवर ठेवायचे. "हे काय मुरत घातलंयस?" मालकीण विचारायची. "कॉलेजचं काम," मी म्हणायचे. तीन आठवड्यांपूर्वी त्यांच्याच नळाची बाटली शाईसारखी काळी झाली.

लगेच आमच्या मार्गदर्शक बाईंना फोन लावला. म्हणाल्या, "आपण बघायला आलोय, आकडे बिघडवायला नाही. आत्ताच सांगितलंस तर तुलना कशाशी करणार?" आणि या बाई वस्तीत येतात तेव्हा गाडीत बाटलीबंद पाण्याचा खोका असतो. आपलं ठेवायचं झाकून नि दुसऱ्याचं बघायचं वाकून, याला इकडे संशोधन म्हणतात. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पण गेली आणि तिथंच राहिली, मी निमूट तक्ता भरला.

बाईंना तरी किती नावं ठेवू? तसाच खोका माझ्या खोलीत खाटेखाली आहे. पोट का बिघडलं नाही, ते आता कळलं असेल तुम्हाला.

मालकीण रोज पाण्याचा पेला हातात द्यायची. ती आत वळली की मी तो दारातल्या कुंडीत ओतायचे. पोरीनं एकदा पाहिलं. "तू आज पण झाडालाच दिलंस," म्हणाली. मी ओठांवर बोट ठेवलं, म्हटलं, हे आपलं गुपित. अण्णा, तिनं ते पाळलं हो. आईला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

गेल्या रविवारी तिला जुलाब सुरू झाले. दुपारपर्यंत डोळे खोल गेले, जीभ कोरडी पडली. मीच उचलून दवाखान्यात पळाले. दोन दिवस सलाईन लावलं तेव्हा पोर वाचली. मालकिणीनं माझे दोन्ही हात धरले. "तू होतीस म्हणून," म्हणाली. जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं मला.

दवाखान्यातल्या बाकावर बसून तुमचीच आठवण येत होती. गावच्या टाकीचा व्हॉल्व्ह सोडला की पहिली ओंजळ तुम्ही प्यायचात, मग बायकांना हंडे लावू द्यायचात. त्या उशीर होतो म्हणून कावायच्या. तुम्ही म्हणायचात, "आधी माझं पोट, मग तुमची पोरं." चौथी शिकलेला माणूस तुम्ही. आणि मी दोन पदव्या घेऊन झाडाला पाणी घालत होते.

परवा सकाळी काळ्या पडलेल्या बाटल्या घेऊन दहाही गल्ल्या फिरले. ज्या त्या नळावर बाटली ठेवली, मोडक्यातोडक्या भाषेत सगळं सांगितलं. शिव्या खाल्ल्या, खायलाच हव्या होत्या. बाईंचा फोन आला, "चार महिन्यांचं काम मातीत घातलंस. पदवी विसर." मी म्हटलं, विसरते.

मालकिणीनं मात्र एकच विचारलं, "कधीपासून माहीत होतं?"

"तीन आठवडे."

ती आत गेली. कालचा अख्खा दिवस भिंतीपलीकडून नुसतं शिवणयंत्र ऐकू येत होतं.

आज सकाळी दार न वाजवता आली. वाफाळता पेला टेबलावर ठेवला. "उकळलंय. पी. मी इथंच उभी आहे." तिच्यामागे पोरगी, तीही बघत. जीभ भाजली, तरी एका दमात प्यायले. मालकिणीनं पेला उलटा करून पाहिला आणि घेऊन गेली.

पदवीचं आईला तुम्हीच सांगा. उद्याही पेला येईल का, मला ठाऊक नाही.

तुमची ओंजळ पाहत वाढलेली, आणि तरी विसरलेली,
धाकटी