शंभराला सतरा

अहो,

गाडी मी नेली आहे, आईकडे जातेय. जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय. दूधवाल्याला उद्यापासून अर्धाच लिटर सांगितलंय.

फ्रिजवरचा तुमचा गाडीच्या विजेच्या खर्चाचा कागद मी काढून टाकला. काल औषधं आणायला गेले, तेव्हा निघताना रस्त्यावरच्या पाटीवर तिथपर्यंत आठ किलोमीटर लिहिलेले आणि पोचल्यावर गाडीच्या स्क्रीनवर पाचच झालेले. मग सेटिंग उघडून बघितलं. जुन्या मालकाने स्क्रीन मैलांवर ठेवली होती आणि आपण तेच किलोमीटर समजत होतो. तुम्ही त्यावरच शंभराला सत्तावीस युनिट काढलेत आणि येईल त्याला सांगितलंत, ‘पांढरा हत्ती पोसतोय.’ खरे युनिट शंभराला सतराच लागतात. मी किलोमीटर करून टाकलेत. आता हिशोबाला कागदसुद्धा लागत नाही. आईचं घर शंभर किलोमीटरवर, म्हणजे सतरा युनिट.

आईचं हाड मोडल्यापासून चार महिने तुमचं एकच पालुपद होतं: ‘फुल चार्जला दीडशे दाखवते, जाऊन-येऊन दोनशे होतात. वाटेतलं चार्जिंग परवडत नाही.’ ते दीडशे मैल होते. म्हणजे दोनशे चाळीस किलोमीटर.

चूक जुन्या मालकाची, असंच आईला सांगेन. पण तिच्या गावाला बसही जाते, हे तिला माहीत आहे.

परत येण्यापुरतं चार्जिंग उरेल, काळजी नको. कधी यायचं, ते मात्र स्क्रीनवर दिसत नाही.